गोदावरीचा अभ्यास, गंगापूर धरण ते दसक : नमुने, चाचण्या आणि रामकुंडावरचं सर्वेक्षण

गोदाकाठ_विद्यार्थिनी

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रबंधाचा आराखडा पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. २०२७ च्या सिंहस्थाआधी नाशिकमधल्या गोदावरीची आणि तिथे स्नान करणाऱ्यांची आधाररेषा (नंतर तुलनेला लागणारी आधीची स्थिती) नोंदवून ठेवावी, हा हेतू आहे. आत्ताचा बेत असा:

पाणी : गंगापूर धरणाखालून दसकपर्यंत १० ठिकाणं, महिन्यातून एकदा, वर्षभर. डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, फॉस्फेट, क्रोमियम, कोलिफॉर्म (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानले जाणारे जीवाणू).

माणसं : रामकुंडावर ३८४ जणांची प्रश्नावली. स्नानानंतर आजारी पडलात का, एवढं विचारायचं. सूत्राने ३८४ आले.

प्रयोगशाळा शहरातच आहे. कुठे चुकतंय ते कृपया सविस्तर सांगा. आराखडा मंजूर झाल्यावर बदल करणं कठीण जातं.

नदीमापक

हेतू उत्तम आहे. आधी ठिकाणांचं बघू, बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

१० ठिकाणं महिन्यातून एकदा म्हणजे प्रत्येक ठिकाणचे वर्षात १२ आकडे. त्यातले चार पावसाळ्याचे. नदी तासागणिक बदलते, एवढ्याशा आकड्यांतून ऋतूचा फरक आणि त्या दिवशीचा योगायोग वेगळा काढता येणार नाही. त्यापेक्षा ५ ठिकाणं घ्या आणि दर पंधरवड्याला जा. माझी निवड अशी : सोमेश्वरच्या वर, होळकर पूल, रामकुंड, तपोवनात कपिला संगमाच्या खाली आणि दसक. सोमेश्वरला धबधब्याखाली नमुना घेऊ नका. तिथे पाणी आपटून हवा मिसळते आणि डीओ वाढलेला दिसतो. तो आकडा धबधब्याचा असतो, वरच्या पात्राचा नव्हे.

नाला किंवा उपनदी मिळाल्यावर पाणी लगेच एकजीव होत नाही. टाकळीला नासर्डी, म्हणजे नंदिनी, मिळते. तिथून खाली बरंच अंतर ते पाणी एका काठाने वाहतं. त्या काठावर बाटली बुडवली तर नासर्डीचाच नमुना येतो, समोरच्या काठावर बुडवली तर ती मिळालीच नाही असं वाटतं. उपाय स्वस्त आहे. कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीजवाहकता) मीटर घेऊन पुलावरून पात्राच्या रुंदीत पाच जागी मोजा. आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ती जागा सोडून खाली सरका, नाहीतर डावा, मधला, उजवा असे तीन नमुने घ्या.

प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली स्वतःच्या वरच्या अंगाला धरायची, पृष्ठभागापासून साधारण ३० सेंमी खोल. पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येता कामा नये. पावसाळ्यात पात्रात उतरायचंच नाही, पुलावरून वजन लावलेला नमुनापात्र-संच सोडायचा. बादलीने उपसून डीओच्या बाटलीत ओतलेलं पाणी डीओसाठी बाद, कारण ओततानाच हवा मिसळते.

टायट्रेशन

डीओची पद्धत लिहितो, कारण प्रबंधांत सर्वांत जास्त आकडे इथेच बिघडतात.

विंकलर पद्धत, ॲझाइड बदलासह. ३०० मिलीची, घासलेल्या काचेच्या तिरप्या बुचाची बीओडी बाटली. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या आणि दोन-तीन बाटल्यांएवढं पाणी वरून वाहून जाऊ द्या. नळी हळूच वर काढा. बूच बसवल्यावर बाटली तिरकी करून उजेडात बघा. मोहरीएवढाही बुडबुडा दिसला तर पुन्हा भरा.

नदीवरच, तिथल्या तिथे : मॅंगनस सल्फेट १ मिली, मग अल्कली-आयोडाइड-ॲझाइड १ मिली. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवायचं. दोन्ही द्रावणं जड असल्याने खाली उतरतात आणि वरून तेवढंच पाणी सांडतं. बूच लावून बाटली निदान १५ वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका (तळाला बसणारा गाळ) आला तर ऑक्सिजन आहे. पांढरा आला तर ऑक्सिजन जवळपास नाही. पांढरा साका पाहून रसायन खराब आहे असं समजून बाटली ओतून देतात. आधी स्वच्छ नळाचं पाणी घेऊन तीच रसायनं तपासा. तिथे तपकिरी आला तर नदीचा पांढरा साका खरा आहे आणि तोच महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

साका अर्ध्यापर्यंत बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ मिली, बूच, पुन्हा उलटसुलट. साका विरघळून पिवळसर-तपकिरी द्रावण होतं. या अवस्थेत बाटली अंधारात ठेवून काही तासांत टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं) केलं तरी चालतं. ८ तासांपलीकडे नेऊ नका.

टायट्रेशनला २०१ मिली घ्यायचं. २ मिली रसायनांनी तेवढंच पाणी बाहेर ढकललेलं असतं, म्हणून २०० × ३०० ÷ २९८. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने रंग फिकट गवतासारखा होईपर्यंत या, तेव्हाच स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. या मापात लागलेले मिली म्हणजेच मिग्रॅ/लि. स्टार्च आधी घातला तर आयोडीन त्याला धरून बसतं आणि शेवट लांबतो. रंग गेल्यावर थोड्या वेळाने निळा परत आला तर त्यामागे धावू नका, पहिला शेवट खरा.

थायोसल्फेटचं द्रावण ठेवून ठेवून कमजोर होतं. पोटॅशियम डायक्रोमेटने दर वेळी प्रमाणित करा. महिन्यापूर्वीच्या बाटलीवरचा आकडा धरून सहा नमुने मोजले तर सहाही एकाच बाजूला चुकतील आणि तक्त्यात ते अगदी सुसंगत दिसतील.

पंचवटीकर

डीओ मीटर वापरला तर एवढा खटाटोप वाचेल ना?

टायट्रेशन

वाचेल, पण मीटरला दर फेरीत एक विंकलरची जोड द्या. पडद्याच्या इलेक्ट्रोडला टोकापाशी पाणी सतत हलतं लागतं. साचलेल्या पाण्यात स्थिर धरला तर आकडा खाली सरकत जातो, कारण तो समोरचा ऑक्सिजन स्वतःच खातो. ऑप्टिकलला ती अडचण नाही. दोन्हींत उंचीची नोंद भरावी लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून २५ अंशांना संपृक्तता (पाण्यात मावणारा ऑक्सिजन) समुद्रसपाटीच्या ८.२६ ऐवजी सुमारे ७.७ मिग्रॅ/लि येते. मीटर समुद्रसपाटीवर ठेवून कॅलिब्रेट केला तर प्रत्येक आकडा सुमारे ७ टक्के फुगतो.

वेळही ठरवून घ्या. शेवाळ आणि पाणवेलींचा भाग असेल तिथे पहाटे डीओ तळाला असतो आणि दुपारी उन्हात संपृक्ततेच्या वर जाऊ शकतो. एक ठिकाण सकाळी ७ ला आणि दुसरं दुपारी २ ला मोजलं तर दोघांची तुलना निरर्थक आहे.

नदीमापक

पाचही ठिकाणं ७ ते ९ मध्ये एका गाडीने होत नाहीत, शहरातली वर्दळ धरा. दोन गट करा, एक सोमेश्वरकडून, एक दसककडून. एकच गट असेल तर एका फेरीत वरून खाली आणि पुढच्या फेरीत खालून वर जा, म्हणजे वेळेचा दोष एकाच ठिकाणाला चिकटत नाही.

टायट्रेशन

गट एकच असेल तर मी उलट क्रमापेक्षा ठरलेली वेळ पाळेन, त्यासाठी ठिकाणं तीन करावी लागली तरी. उलटसुलट क्रमाने दोष वाटला जातो, नाहीसा होत नाही. पंचवीस-तीस आकड्यांत तो पसारा वाढवतो.

बीओडीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ३ दिवस २७ अंश ही पद्धत चालते आणि स्नानाच्या पाण्याचा निकष ३ मिग्रॅ/लि किंवा कमी आहे. जुन्या कामांत ५ दिवस २० अंश असेल तर तसं लिहूनच तुलना करा. उबवणीनंतर निदान १ मिग्रॅ/लि ऑक्सिजन उरला पाहिजे आणि निदान २ खर्च झाला पाहिजे, नाहीतर ती बाटली बाद. नदीसाठी २५ ते १०० टक्के अशी तीन विरलनं (स्वच्छ पाणी मिसळून पातळ केलेले नमुने) लावली की एक तरी बसतं. विरलनाच्या नुसत्या पाण्यात ०.२ पेक्षा जास्त घट दिसली तर पाणी किंवा भांडी घाण आहेत. बाटलीच्या ओठावरचं पाण्याचं सील तीन दिवसांत सुकतं, वरून टोपी लावा. वीज गेली तर इनक्युबेटरचं तापमान कुठवर गेलं हे कळायला आत किमान-कमाल तापमापक ठेवा.

मलजल शुद्धीकरण केंद्राच्या खालच्या नमुन्यात आणखी एक खोच आहे. शुद्ध केलेल्या पाण्यात नायट्रिफाय करणारे जीवाणू भरपूर असतात. ते अमोनियावर ऑक्सिजन खर्च करतात आणि बीओडी सेंद्रिय भारापेक्षा मोठा दिसतो. तपोवनाखालच्या नमुन्याला एक जोडी ॲलिलथायोयुरिया (या जीवाणूंना थांबवणारं रसायन) घालून आणि एक न घालता लावा. दोन्हींतला फरकच बोलका असतो.

पेट्रीडिश

ताई, कोलिफॉर्मची बाटली आणि डीओची बाटली यांचे नियम उलटे आहेत, ते मदतनिसांना नीट समजावून द्या. डीओच्या बाटलीत हवा नको. कोलिफॉर्मच्या बाटलीत वर २-३ सेंमी मोकळी जागा हवी, नाहीतर हलवता येत नाही. रासायनिक चाचण्यांची बाटली नदीच्या पाण्याने तीनदा विसळायची. निर्जंतुक बाटली अजिबात विसळायची नाही, कारण आत थायोसल्फेट असतं.

ते थायोसल्फेट विसरू नका. गर्दीच्या काळात पाण्यात क्लोरीन टाकलेलं असेल तर ते बाटलीतही काम करत राहतं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जीवाणू मरतात. १२० मिलीच्या बाटलीत १० टक्के द्रावणाचे ०.१ मिली घालून मग १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. बर्फाच्या पेटीत १० अंशांखाली, उजेडापासून दूर. बर्फ वितळून बाटलीची मान पाण्यात बुडू देऊ नका, ते पाणी आत शिरतं. ६ तासांत लावणी करा, म्हणजे नमुना पोषक द्रावणाच्या नळ्यांत घाला. २४ तास ही शेवटची हद्द आहे.

लावणी : पाच-पाच नळ्यांच्या तीन ओळी, प्रत्येक नळीत उलटी छोटी डरहॅम नळी, वायू तिच्यात साठतो. डरहॅम नळीत आधीच हवा अडकली नाही ना, हे नमुना घालण्यापूर्वी बघा. अनुमानित (पहिली) चाचणी ३५ अंशांवर २४ आणि ४८ तास. वायू आलेल्या नळ्यांतून ईसी ब्रॉथमध्ये (दुसऱ्या चाचणीचं पोषक द्रावण), ४४.५ अंश, २४ तास. इथे हवेचा इनक्युबेटर चालत नाही, पाण्याचं बाथ हवं, कारण ०.२ अंशाचीच मुभा आहे. ४३ वर इतरही वाढतात, ४६ वर ई. कोलायही दबतो.

सर्वांत जास्त वाया जाणारी गोष्ट म्हणजे विरलन. सांडपाणी मिसळलेल्या नदीला १०, १ आणि ०.१ मिली लावलं की पंधराच्या पंधरा नळ्या वायू देतात आणि एमपीएन तक्ता (किती नळ्यांत वायू आला यावरून जीवाणूंची सर्वाधिक संभाव्य संख्या देणारा) सांगतो '१६०० किंवा जास्त'. खरा आकडा दोन हजार आहे की वीस लाख, काहीच कळत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांना प्रत्येक ठिकाणी पाच पातळ्यांपर्यंत विरलन करा. उदाहरणार्थ ०.०१, ०.००१, ०.०००१ मिलीच्या ओळींत ५-५-० (वायू आलेल्या नळ्यांची संख्या) आलं, तर तक्त्यातला २४० गुणिले १० भागिले ०.०१, म्हणजे १०० मिलीत २,४०,०००. स्नानाच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलीत ५०० पर्यंत इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा आहे. तुमच्या मापाची पट्टी या दोन आकड्यांच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब हवी.

पंचवटीकर

रामकुंडावर एकच नमुना पुरे का? सकाळी आणि दुपारी तिथली गर्दी अगदी वेगळी असते.

पेट्रीडिश

पुरेसा नाही. माणसं उतरली की तळाचा गाळ वर येतो आणि गाळात जीवाणू पाण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात. एक नमुना पहाटे गर्दीआधी, एक गर्दीत. त्या क्षणी पाण्यात अंदाजे किती माणसं, अस्थिविसर्जन चालू होतं का, धरणातून पाणी सोडलेलं होतं का, हे नोंदपत्रकात लिहा. या तीन नोंदी नसतील तर आकडा का वाढला याचं उत्तर नंतर कुणीही देऊ शकणार नाही.

सरासरी_आणि_विचलन

दोन गोष्टी, दुसरी जास्त गंभीर.

एमपीएन हा अंदाज आहे. तक्त्यात २४० असेल तर ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ७० ते ७०० आहे, जवळपास दसपट. म्हणून एका फेरीत २४० आणि पुढच्या फेरीत ५०० आलं की 'प्रदूषण दुप्पट' असं लिहू नये. लॉग घेऊन भूमितीय सरासरी काढा. साधी सरासरी एका मोठ्या आकड्याच्या मागे जाते.

आता ३८४. हा आकडा महाराष्ट्रातल्या निम्म्या आराखड्यांत असतो, कारण प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की सूत्रातून तोच येतो. प्रमाण १० टक्के आणि चूक ३ टक्के धरली तरी ३८४ च येतो, त्यामुळे तो बरोबर आहे असं वाटत राहतं. पण ते सूत्र एका गटातलं प्रमाण मोजायला आहे. तुमचा प्रश्न तुलनेचा आहे : स्नान केलेल्यांत आजार जास्त आहे का? कशापेक्षा जास्त, ते आराखड्यात कुठेच नाही.

समजा स्नान न केलेल्यांत आठवड्यात ३ टक्के जुलाब होतात आणि स्नान केलेल्यांत ६ टक्के, आणि हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा आहे. (१.९६ + ०.८४) चा वर्ग ७.८४. त्याला ०.०३ × ०.९७ अधिक ०.०६ × ०.९४, म्हणजे ०.०८५५ ने गुणा आणि ०.०३ च्या वर्गाने भागा. प्रत्येक गटात ७४५ येतात. फोनवर पाचातला एक सापडणार नाही असं धरलं तर प्रत्येक गटात ९३२. एकूण १८६४. ३ आणि ६ हे मी फक्त उदाहरणाला घेतलेत, खरे आकडे तुमच्या प्राथमिक पाहणीतून काढायचे. ३८४ घेऊन 'फरक आढळला नाही' असं लिहिलंत, तर फरक नव्हता की दिसला नाही, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. सिंहस्थाच्या तोंडावर असा निष्कर्ष वापरला गेला तर नुकसान लोकांचं आहे.

जनआरोग्य_नाशिक

वरच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. तुलनेचा गट शोधायला लांब जावं लागत नाही. घाटावर प्रत्येक कुटुंबात सामान सांभाळत बसलेलं, पाण्यात न उतरलेलं कुणीतरी असतं. तोच प्रवास, तेच जेवण, तीच धर्मशाळा. एका कुटुंबातून स्नान केलेला एक आणि न केलेला एक, अशी जोडी घ्या. मात्र न उतरलेले बहुधा वयस्कर किंवा आधीच आजारी असतात, म्हणून वय आणि जुने आजार नोंदवा. जोड्या घेतल्या तर विश्लेषणही जोड्यांचंच करा.

निवड : घाटावरून बाहेर पडणाऱ्या वाटा आधी मोजा, प्रत्येक वाटेवर एक मुलाखतकार, दर दहावं कुटुंब. जो बोलायला तयार दिसतो त्याला थांबवायचं नाही. नकार दिला तर तोही मोजायचा, मग पुन्हा दहावं. साधे दिवस आणि पर्वणीचे, अमावास्येचे दिवस वेगळे ठेवा. श्राद्ध किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेल्यांना विधी चालू असताना अजिबात अडवू नका. ते निघाल्यावर, बाहेरच्या वाटेवर, विनंती करा.

प्रश्न कृतीवर विचारा, मतावर नाही. डोकं पाण्याखाली गेलं का? किती वेळा? आचमन केलं का? तीर्थ प्यायलं का? चूळ भरली का? कॅनमध्ये पाणी भरून घरी नेलं का, आणि घरी ते कुणी घेतलं? प्रत्येक प्रश्न स्वतंत्र ठेवा. नुसतं 'नदीचं पाणी प्यायलात का' विचारलं तर तीर्थ घेतलेली माणसंही नाही म्हणतात.

आजाराची व्याख्या आधी लिहून ठेवा : २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब. 'पोट बिघडलं' हे प्रत्येकाचं वेगळं असतं. त्याच दिवशी घाटावर विचारून काही मिळत नाही, कारण आजार अजून झालेलाच नसतो. सातव्या दिवशी फोन करा. नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांत, शिगेला १ ते ३ दिवसांत दिसतो, तो या खिडकीत येतो. विषमज्वर १ ते ३ आठवडे आणि हिपॅटायटिस अ १५ ते ५० दिवस घेतो. ते हवे असतील तर दुसरा फोन लागेल. नको असतील तर 'जलजन्य आजार' असं मोठं शीर्षक देऊ नका, 'अतिसार' म्हणा.

आणि नैतिकता समिती. पहिली प्रश्नावली भरण्याआधी मंजुरी हवी, मागाहून मिळत नाही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतिपत्र मराठी, हिंदी आणि गुजरातीत ठेवा, रामकुंडावर तिन्ही लागतात. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार. फोन नंबरची वही वेगळी, उत्तरांची फाइल वेगळी, दोघांना जोडणारा फक्त सांकेतिक क्रमांक. शेवटचा फोन झाला की वही नष्ट करायची, आणि हे संमतिपत्रात लिहायचं.

गोदाकाठ_विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. बदल असे करते : ठिकाणं ५, दर पंधरवडा, ठरलेल्या वेळेत दोन गट. सर्वेक्षण कुटुंबातल्या जोड्यांचं, आधी ६० जोड्यांची प्राथमिक पाहणी आणि तिच्यावरून नमुनासंख्या. दोन शंका उरल्या. क्रोमियम आणि नायट्रेटच्या बाटल्या एकत्र चालतील का? आणि प्रवाह मोजायलाच हवा का?

टायट्रेशन

एकत्र नकोत. एकूण धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ खाली आणतात, त्या बाटलीतून नायट्रेट मोजलं तर आम्लाचंच नायट्रेट मोजलं जाईल. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) बाटली तिसरी. तिच्यात आम्ल घालायचंच नाही, कारण आम्लात ते सेंद्रिय द्रव्याबरोबर ट्रायव्हॅलंट (दुसरं रूप) होऊन जातं आणि तुमचं उत्तर शून्य येतं. गाळून, ४ अंशांवर, २४ तासांच्या आत डायफेनिलकार्बाझाइडने ५४० नॅनोमीटरवर वाचा. सातपूर-अंबडकडून नासर्डीत काही येतं का, हे पाहायचं असेल तर टाकळीला संगमाच्या वर नासर्डीतच सहावं ठिकाण घ्या. गोदावरीत मिसळल्यावर ते पातळ होऊन मर्यादेखाली हरवतं.

नायट्रेट अतिनील पद्धतीने २२० नॅनोमीटरवर वाचणार असाल तर २७५ नॅनोमीटरची दुरुस्ती धरूनही सांडपाण्याच्या नमुन्यात सेंद्रिय द्रव्य जास्त वाचन देतं. कॅडमियम रिडक्शन किंवा आयन क्रोमॅटोग्राफी बघा. फॉस्फेटच्या बाटल्या साबणपावडरने धुऊ नका, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डिस्टिल्ड वॉटर.

नदीमापक

प्रवाह हवाच. गंगापूरमधून पाणी सोडलं की बीओडी निम्म्यावर येऊ शकतो आणि नाल्यांतून येणारी घाण तसूभरही कमी झालेली नसते. संहती (लिटरमागे किती) नाही, भार (दिवसाला एकूण किती) मोजा : मिग्रॅ/लि × घनमीटर प्रति सेकंद × ८६.४ = किलो प्रतिदिन. १० मिग्रॅ/लि बीओडी आणि ४ घनमीटर प्रवाह म्हणजे दिवसाला ३४५६ किलो.

पुलावरून पात्राच्या रुंदीचे निदान १० पट्टे करा. प्रत्येक पट्ट्यात खोली आणि वेग. खोली ०.७५ मीटरपर्यंत असेल तर पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली एकच वाचन, जास्त असेल तर ०.२ आणि ०.८ पट खालच्या वाचनांची सरासरी. करंट मीटर (प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र) नसेल तर सरळ पात्रात २० मीटर मोजून तरंगता नारळ सोडा, पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणा. नारळ अर्धा बुडालेला राहतो म्हणून वारा त्याला फारसा ढकलत नाही, थर्माकोलचा तुकडा मात्र वाऱ्याचाच वेग सांगतो. पाणवेली अडकलेल्या भागात ही पद्धत वापरू नका.

सरासरी_आणि_विचलन

दर फेरीत एक बाटली डिस्टिल्ड वॉटरची घेऊन जा, नदीवर उघडा, बंद करा आणि इतरांसारखीच तपासा. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना, प्रयोगशाळेला न सांगता वेगळ्या क्रमांकाने. मापनमर्यादेखालच्या आकड्याला शून्य लिहू नका, 'पेक्षा कमी' (<) हे चिन्ह आणि मर्यादा लिहा. लेबलवर पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई बर्फाच्या पेटीत पसरते. ६० जोड्यांचे आकडे हाती आले की इथेच टाका, नमुनासंख्या पुन्हा काढून देतो.